सहल, मैदान आणि परिपाठ : वॉटरप्रूफ ब्लूटूथ स्पीकर कसा निवडावा?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमध्ये सहलीचं वारं वाहू लागतं. त्याच सुमारास शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, "सर, एखादा चांगला ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाकू या. सहलीला होईल, परिपाठाला होईल, क्रीडास्पर्धेलाही होईल." कल्पना चांगलीच आहे. पण हा पैसा बहुतेक वेळा लोकवर्गणीचा, पालकांचा, नाहीतर आपल्याच खिशातला असतो. दोन-तीन हजारांची वस्तू एका पावसाळ्यात बंद पडली, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना तोंड उघडत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी कशावरून निवडायचं ते नीट समजून घेऊ या. यात आपल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवण्यासारखंही बरंच आहे. ध्वनी, वीज, अंतर आणि गणित या सगळ्याचा एकत्र पाठच आहे म्हणा ना!

१) आधी स्वतःला विचारा : कशासाठी हवा?

एकच स्पीकर सगळ्या कामांना पुरत नाही. कामं साधारण अशी असतात :

- परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना लावणे
- मैदानावर कवायत, लेझीम, समूहनृत्याचा सराव
- सहलीत बसमध्ये किंवा मुक्कामाच्या ठिकाणी गोष्टी, गाणी
- मुलांना सूचना देणे, म्हणजेच स्वतःचा आवाज मोठा करणे

यातलं शेवटचं काम ब्लूटूथ स्पीकरचं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. फोनच्या माईकमध्ये बोलून ब्लूटूथवर आवाज पाठवला, तर तो किंचित उशिरा येतो. आपण बोलतो एक आणि कानावर पडतं मागचंच, त्यामुळे बोलणारा अडखळतो. शिवाय माईक आणि स्पीकर जवळ आले की शिट्टी वाजते, ती वेगळीच. सूचनांसाठी हातातला भोंगा किंवा माईकसह येणारा छोटा सेट घ्यावा. सहलीत साधी शिट्टी तर सगळ्यात भरवशाची!

२) खोक्यावरचा 'आयपी' अंक वाचायला शिका

दुकानदार "एकदम वॉटरप्रूफ आहे" म्हणतो. त्याच्या बोलण्यापेक्षा खोक्यावरचा 'आयपी' अंक पाहा. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे अंक ठरतात. त्यात दोन जागा असतात. पहिली जागा धुळीची, दुसरी पाण्याची.

पाण्याचा अंक असा वाचा :

- ४ : कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सहन होतात
- ५ : नळीतून येणारी पाण्याची धार सहन होते
- ६ : जोराची धार सहन होते
- ७ : १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडाला तरी चालतो
- ८ : त्याहून कठीण परिस्थितीत चालतो; नेमकं किती खोल आणि किती वेळ ते कंपनी सांगते

धुळीच्या जागी ५ असेल तर थोडी धूळ आत शिरू शकते, पण कामात बिघाड होत नाही. ६ असेल तर धूळ आत शिरतच नाही. म्हणजे 'आयपी ६७' याचा अर्थ धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास.

आता 'आयपीएक्स ७' असं लिहिलेलं असेल तर? मुलांना हा प्रश्न विचाराच. बहुतेक मुलं म्हणतात, "एक्स म्हणजे शून्य." तसं नाही. एक्स म्हणजे त्या बाबतीत अंक दिलेलाच नाही. स्पीकर धुळीला टिकेलही किंवा टिकणारही नाही. कंपनीने त्याबद्दल हमी दिलेली नाही, एवढंच. आपल्या लाल मातीच्या किंवा मुरमाच्या मैदानावर पाण्याइतकाच धुळीचाही त्रास असतो. म्हणून मैदानासाठी घ्यायचा असेल तर पहिली जागा रिकामी नसलेला स्पीकर पाहावा.

आणखी तीन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही :

- ही चाचणी नव्या वस्तूवर आणि गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, साबण, गरम पाणी यांचा त्यात हिशेब नसतो.
- ७ अंक मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं नाही. बुडणं आणि जोराची धार या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. गणितात पास झालेला मुलगा इंग्रजीत पास झालाच असं आपण म्हणतो का? तसंच हे.
- वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारा नव्हे. तलावात पडला तर तळाला जाऊ शकतो.

मग शाळेला किती हवा? नुसत्या परिपाठासाठी ४ किंवा ५ अंक पुरे. कोकण, घाटमाथा, पावसाळी सहल, समुद्रकिनारा असा वापर असेल तर आयपी ६७ घ्यावा. ८ साठी जादा पैसे मोजायची गरज शाळेला सहसा पडत नाही.

३) वॅटच्या आकड्याला भुलू नका

"हा १० वॅटचा, हा २० वॅटचा. दुप्पट आवाज!" असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात ताकद दुप्पट केली तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे १० वॅटच्या जागी २० वॅट आणल्यावर आवाज थोडासाच मोठा वाटतो. शिवाय काही खोक्यांवर क्षणभर मिळणारी सर्वाधिक ताकद छापलेली असते, सतत मिळणारी नव्हे. तेवढं विचारून घ्या.

मोकळ्या मैदानात दुसरीही गोष्ट घडते. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. समजा १ मीटरवर ८५ डेसिबल आवाज आहे. मग :

- २ मीटरवर ७९
- ४ मीटरवर ७३
- ८ मीटरवर ६७
- १६ मीटरवर ६१

आता पहिलीची चिमुरडी पुढे आणि सातवीची मुलं मागे, अशा रांगा डोळ्यांसमोर आणा. मागच्या रांगेपर्यंत ६१ डेसिबल पोहोचतात आणि तिथे मुलांची कुजबूजच जवळपास तेवढी असते! अशा वेळी स्पीकरचा आवाज वाढवला तर पुढच्या मुलांच्या कानठळ्या बसतात आणि मागच्यांना तरीही स्पष्ट ऐकू येत नाही.

उपाय याच गणितात आहे. स्पीकर मुलांच्या निम्म्या अंतरावर आणला की ६ डेसिबल मिळतात. तेवढे मिळवायला एरवी चौपट ताकदीचा स्पीकर घ्यावा लागला असता. म्हणून :

- मुलांना लांब रांगांऐवजी गोलात किंवा अर्धगोलात उभं करा आणि स्पीकर मध्ये ठेवा.
- स्पीकर जमिनीवर ठेवू नका. पुढच्या मुलांची अंगंच आवाज अडवतात. स्टूल, बाक किंवा ओट्यावर, मुलांच्या कानाच्या उंचीच्या थोडं वर ठेवा.
- जमलं तर मागे भिंत येईल असा ठेवा. भिंतीवरून परतणारा आवाजही मुलांकडेच येतो.
- मैदान मोठं असेल तर एका मोठ्या स्पीकरपेक्षा एकमेकांना जोडता येणारे दोन छोटे स्पीकर जास्त उपयोगी पडतात.

४) 'बेस' ऐकू नका, शब्द ऐका

दुकानात स्पीकर दाखवताना धडधडणारं गाणं लावतात. छाती हादरली की आपण खूश! पण आपलं काम शब्दांचं आहे. स, श, त, च, क असे व्यंजनांचे आवाज बारीक आणि कमी जोराचे असतात. ते स्पष्ट आले नाहीत तर मुलाला 'साप' ऐकू आलं की 'चाप' हे कळत नाही. भारी बेस असलेल्या स्पीकरवर गोष्ट लावली तर आवाज घुमतो आणि शब्द गिळले जातात.

म्हणून दुकानात जाताना फोनमध्ये तीन गोष्टी घेऊन जा : एका बाईंच्या आवाजातली गोष्ट, एक बालगीत आणि लेझीमचा ठेका. दुकानाच्या आत ऐकू नका. बाहेर फुटपाथवर ठेवून आठ-दहा पावलं लांब जा आणि पाठ करून ऐका. गोष्टीतलं प्रत्येक वाक्य कळलं तरच पुढची बोलणी करा.

५) बॅटरी : खोक्यावरचे तास आणि खरे तास

'१२ तास चालतो' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते मध्यम आवाजावर मोजलेले तास असतात. मैदानावर आपण आवाज जवळजवळ पूर्ण ठेवतो, तेव्हा तास बरेच कमी होतात. आपल्याला सलग जितके तास लागतील त्याच्या किमान दुप्पट तास लिहिलेला स्पीकर पाहावा.

उदाहरणादाखल, जेबीएलच्या गो ३ या हातात मावणाऱ्या स्पीकरवर ५ तास लिहिलेले असतात आणि त्याच कंपनीच्या फ्लिप ६ वर १२ तास. दोन्ही आयपी ६७ आहेत. म्हणजे पाण्याचा अंक सारखा असूनही काम वेगळं! छोटा आहे तो एका वर्गाला, एका तंबूला पुरेल. दिवसभराच्या क्रीडास्पर्धेला तो पुरायचा नाही. हे फक्त वाचायचं कसं ते दाखवण्यासाठी. अमुकच घ्या असं माझं म्हणणं नाही.

मुलांसाठी एक गणित : बॅटरीवर ४८०० एमएएच आणि ३.६ व्होल्ट लिहिलं आहे. ४८०० एमएएच म्हणजे ४.८ अँपिअर-तास. ४.८ गुणिले ३.६ बरोबर १७.२८ वॅट-तास. हा आकडा पालकांनाही उपयोगी आहे. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी असलेली उपकरणं हातातल्या सामानात नेता येतात. लहान स्पीकर त्यात सहज बसतो. डोक्याएवढे मोठे स्पीकर कधी कधी बसत नाहीत. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या सामानातच न्यावी लागते.

चार्जिंगचं तोंड आपल्या फोनच्या चार्जरचंच, म्हणजे टाइप-सी, असेल तर उत्तम. सहलीत चाळीस पालकांपैकी कुणाकडे तरी ती केबल मिळतेच.

६) ब्लूटूथची ताकद आणि मर्यादा

'ब्लूटूथ' हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून आलं आहे, हे मुलांना सांगा. त्यांना गंमत वाटते. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं शरीर बरंचसं पाण्याचंच! म्हणून फोन मागच्या खिशात आणि स्पीकर समोर असला तर आवाज तुटतो. साध्या स्पीकरची पोच मोकळ्यावर १० मीटरच्या आसपास धरून चाला.

शाळेसाठी तीन सूचना :

- राष्ट्रगीत आणि राज्यगीत चालू असताना मध्येच फोनची रिंग वाजू नये, म्हणून फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि मग फक्त ब्लूटूथ सुरू करा.
- गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. गडावर आणि घाटात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.
- अनेक वॉटरप्रूफ स्पीकरना पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा वायरची जागा नसते, कारण प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. आपल्या शाळेत सगळा परिपाठ पेन ड्राइव्हवर असेल तर आधी खात्री करा.

७) कुठे वाजवायचा आणि कुठे अजिबात नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्पीकर घेणं सोपं, तो बंद ठेवणं अवघड!

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सहलीच्या मुक्कामी गाण्यांच्या भेंड्या रंगतात तेव्हा घड्याळाकडे लक्ष असू द्या. शेजारच्या घरात एखादं आजारी माणूस झोपलेलं असतं.

अभयारण्यात स्पीकर बॅगेतून बाहेर काढायचाच नाही. गडाच्या कड्याकपारींना आग्या मोहोळं लटकलेली असतात. गोंगाट, धूर, उग्र वास यांनी माश्या चवताळू शकतात आणि सोबत शंभर मुलं असताना पळायला जागा नसते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा ठिकाणी आपण मुलांना काय ऐकवणार? वारा, पक्षी आणि आपल्या तोंडून इतिहास. विजापूरच्या गोलघुमटात तर भिंतीशी केलेली कुजबूजही समोरच्या बाजूला ऐकू येते. तिथे कुणी गाणी लावली तर सहलीतला सगळ्यात मोठा विज्ञानाचा धडाच बुडाला!

कानांची काळजीही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मोठ्यांसाठी हीच पातळी ८० आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. बसमध्ये स्पीकर मुलांच्या डोक्यावरच्या रॅकमध्ये ठेवून पूर्ण आवाजात लावू नये. चालकालाही हॉर्न ऐकू आला पाहिजे.

८) वर्गासाठी कृती

कृती १ : कोण कुठून ऐकतं? स्पीकर स्टुलावर ठेवा. आवाज एकाच पातळीवर ठेवा. मुलांना २, ४, ८ आणि १६ मीटरवर बसवा. आधी रेकॉर्ड केलेले दहा शब्द लावा : साप, चाप, ताप, काप, फळा, मळा, वाटी, काठी असे. मुलं वहीत लिहितील. मग जागा बदला आणि शब्दांचा क्रम बदलून पुन्हा घ्या. कोणत्या अंतरावर कोणते शब्द चुकले याचा तक्ता करा. अंतराचा नियम मुलांना पाठ करावा लागत नाही, तो वहीतच दिसतो.

या कृतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. एखादं मूल २ मीटरवरूनही सतत चुकत असेल तर त्याला रागावू नका आणि 'लक्ष नाही' असा शिक्काही मारू नका. त्याला कदाचित ऐकू कमी येत असेल. ही कृती म्हणजे तपासणी नव्हे, पण इशारा नक्की आहे. त्याच्या पालकांशी शांतपणे बोला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून पुढे करा. मोठा स्पीकर हा त्या मुलावरचा इलाज नाही. लवकर झालेली तपासणी हाच त्याचा खरा आधार.

कृती २ : नाचणारा रवा. वाटीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून रबरबँडने बांधा. त्यावर चिमूटभर रवा टाका आणि वाटी स्पीकरजवळ आणा. ढोलाचा ठेका लावा, मग बासरी लावा. रवा कधी जास्त उडतो? ध्वनी म्हणजे कंपन, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

कृती ३ : लहरींना कोण अडवतं? गाणं चालू ठेवून फोन घेऊन हळूहळू दूर जा. मग फोन आणि स्पीकरमध्ये पाच-सहा मुलं उभी करा. नंतर फोन स्टीलच्या डब्यात ठेवा. आवाज कधी तुटला ते नोंदवा.

एक विनंती : 'वॉटरप्रूफ आहे' हे दाखवायला शाळेचा स्पीकर बादलीत बुडवू नका. परीक्षा कंपनीने घेतलेली आहे, आपण पुन्हा घेण्याची गरज नाही.

९) खरेदी आणि निगा

- खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. भारतात ब्लूटूथ स्पीकरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे.
- पक्कं बिल शाळेच्या नावाने घ्या, समितीचा ठराव करा, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा.
- वॉरंटी कार्ड तिथेच उभ्या उभ्या वाचा. पाण्याने झालेला बिघाड धरला आहे की नाही ते बघा. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का, तेही विचारा.
- चार्जिंगच्या तोंडावर रबरी झाकण असेल तर ते प्रत्येक वेळी घट्ट लावा. झाकण उघडं असेल तर आयपी अंक कागदावरच राहतो.
- ओल्या स्पीकरला चार्जिंग लावू नका. आधी पुसून पूर्ण वाळू द्या.
- समुद्रावरून आल्यावर झाकण घट्ट लावून गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि सावलीत वाळवा.
- स्पीकरच्या दोन्ही टोकांना थरथरणारे पडदे असतील तर मुलं ते बोटाने दाबतात. दाबू देऊ नका.
- उंचावरून पडलेला स्पीकर वाजत असला तरी त्याला वॉटरप्रूफ समजू नका. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र सापडतो.
- उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उन्हाळी सुट्टीत निम्म्या चार्जिंगवर थंड, कोरड्या कपाटात ठेवा.

थोडक्यात

आयपी ६७, शब्द स्पष्ट, गरजेच्या दुप्पट बॅटरी, टाइप-सी, जवळचं सर्व्हिस सेंटर आणि पक्कं बिल. या सहा गोष्टी जुळल्या की रंग आणि दिवे कसे आहेत ते शेवटी बघा. स्पीकर आणल्यावर पहिल्याच परिपाठाला आपण स्वतः मागच्या रांगेत जाऊन उभं राहावं. तिथे गोष्टीतला शब्दन् शब्द कळला, तर वर्गणी सत्कारणी लागली असं समजायला हरकत नाही.